बायबलमधला नरक खराखुरा की नुसता दाखला?

सलाम ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. तुमच्या चर्चमध्ये मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, झाली, चौथ्या दिवशी बाहेरून आलेल्या एका ब्रदरनी मुलांना तो दोन मार्गांचा मोठा चार्ट दाखवला, रुंद रस्ता वर जाऊन आगीत पडतो तो, आणि मग मेणबत्ती पेटवून विचारलं की यावर बोट किती वेळ धरता येईल, आणि सार्वकालिक म्हणजे किती वेळ. दुसरीतली एक मुलगी घरी गेली ती त्या दिवसापासून आईला गॅस पेटवू देत नाही. लायटर लपवून ठेवते. जानेवारीत तिचे आजोबा वारले, ते प्यायचे, तर ते आत्ता तिथे आहेत का असं रात्री विचारते. आता आईबाबा चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीकडे आलेत, अर्धी कमिटी म्हणते चार्ट फेकून द्या, अर्धी म्हणते शास्त्रात आहे ते शिकवायचं नाही तर शब्बाथ शाळा चालवायचीच कशाला. आणि तुम्ही म्हणताय की सर, नरक खरा की प्रतीक ते एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही जमणार ताई. पुण्यात तीसेक वर्षं मंडळ्या सांभाळल्या आणि मधल्या काळात तरुण पाळकांना ग्रीक आणि जमेल तेवढं हिब्रू शिकवलं, आणि दरवर्षी दुसऱ्या सेमिस्टरला हाच प्रश्न यायचा, आणि दरवर्षी कोणीतरी नाराज व्हायचं. तर तुम्हीही थोडं नाराज व्हायची तयारी ठेवून वाचा.

आधी तो चार्ट. पुष्कळ जणांच्या घरी भिंतीवर असायचा, माझ्या मावशीकडे होता, लोकांना वाटतं हे चित्र बायबलमधूनच आलंय. दोन दरवाजे आणि दोन रस्ते येशूच्या बोलण्यात आहेत, मत्तय ७ मध्ये, पण ते वर जळणारं शहर आणि बाकी सगळी सजावट १९व्या शतकातल्या जर्मनीतली आहे, स्टुटगार्टची. नीट बघा, रुंद रस्त्याच्या बाजूला आगगाडी पण काढलेली आहे, कारण त्या काळच्या तिथल्या भाविक लोकांना रविवारी गाडी धावणं म्हणजे शब्बाथ मोडणं वाटायचं. आपली डेक्कन क्वीन रविवारीही धावते आणि कमिटीतले निम्मे लोक तिने मुंबईला जाऊन आलेत. म्हणजे चार्टमधली आगगाडी आपण मुकाट्याने प्रतीक मानलीय आणि आग तेवढी खरी.

आता शब्द. हाच खरा गुंता आहे आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपण मराठीत "नरक" म्हणतो तेव्हा डोक्यात काय येतं? कढई. उकळतं तेल, यमदूत, कुंभीपाक, रौरव. ही सगळी पुराणांतली मालमत्ता आहे, गरुडपुराण कोणी वाचलेलं असो नसो, आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं, ख्रिस्ती घरात सुद्धा. शिवाय जुन्या लोकांच्या बोलण्यात नरक म्हणजे सरळ घाण, विष्ठा. मराठीत भाषांतर करणाऱ्यांना हाताशी जो शब्द होता तो त्यांनी घेतला, त्यांना दोष नाही, पण शब्द येताना एकटा येत नाही, आपलं बिऱ्हाड घेऊन येतो. गंमत बघा, पुराणातला नरक कितीही भयंकर असला तरी त्याला मुदत आहे, पाप भोगून संपलं की सुटका आणि पुढचा जन्म. आपण कढई ठेवली, मुदत काढली, आणि वर सार्वकालिक हा शिक्का मारला. असा नरक पुराणातही नाही आणि बायबलमध्येही नाही, हे मिश्रण आपल्याच स्वयंपाकघरातलं आहे.

मूळ भाषांत एक शब्द नाही, चार आहेत. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात, शेओल, साधारण पासष्ट वेळा. शेओल म्हणजे मेलेल्यांची जागा, खाली, अंधार, शांतता, तिथे चांगलाही जातो आणि वाईटही. याकोबाला योसेफ मेला असं वाटतं तेव्हा तो म्हणतो मी शोक करत शेओलातच जाईन, आता याकोब काय तेलाच्या कढईत जाण्याबद्दल बोलत नव्हता. जुन्या इंग्लिश किंग जेम्स बायबलने याच एका शब्दाचं भाषांतर ३१ वेळा हेल केलंय, ३१ वेळा कबर, आणि ३ वेळा खड्डा. एकच शब्द, आणि भाषांतर करणाऱ्याला संदर्भ बघून जसं वाटलं तसं! आपल्या मराठी शास्त्रात बरं आहे, तिथे बहुतेक ठिकाणी "अधोलोक" आहे. नव्या करारात हेडीस, तो शेओलचाच ग्रीक भाऊ, त्यालाही अधोलोकच. तार्तारोस फक्त एकदाच, २ पेत्र २:४ मध्ये, तेही क्रियापदाच्या रूपात, आणि तो पाप केलेल्या देवदूतांबद्दल, माणसांबद्दल नाहीच, सोडून द्या.

आणि चौथा गेहेन्ना. नरक नरक जे आपण म्हणतो ते हे. नव्या करारात बारा वेळा, त्यातल्या अकरा वेळा खुद्द येशूच्या तोंडी, आणि एकदा याकोबाच्या पत्रात, जिभेबद्दल.

गेहेन्ना ही यरुशलेममधली जागा आहे ताई. गे-हिन्नोम, हिन्नोमचं खोरं. जुन्या शहराच्या पश्चिमेकडून सुरू होतं, दक्षिणेला वळसा घालून किद्रोनच्या खोऱ्याला मिळतं. मी २०११ साली ग्रुप टूरबरोबर गेलो होतो आणि गाइडला म्हटलं बाबा बस थांबव, मला नरकात उतरायचंय. गवत होतं. बाक होते, एक आई बाबागाडी ढकलत चालली होती, वरच्या अंगाला सिनेमाचं थिएटर आहे, आणि जुन्या तलावाच्या जागी उघड्यावर गाण्याचे कार्यक्रम होतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी तिथे चिवड्याचा डबा उघडला.

इथे एक कबुली द्यायची आहे. जवळजवळ दहा वर्षं मी उपदेशात सांगत होतो की गेहेन्ना म्हणजे यरुशलेमचा कचरा डेपो, तिथे रात्रंदिवस कचरा जळायचा, मेलेली जनावरं टाकायचे, किडे पडायचे, म्हणून येशू म्हणाला जिथे किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही. पुण्यात तर हे एकदम फिट बसायचं, फुरसुंगीच्या कचरा डेपोचं नाव घेतलं की पुढच्या ओळीतले हडपसरवाले नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करायचे. नगर जिल्ह्यात एका कन्व्हेन्शनला मी हे इतकं रंगवून सांगितलं की लोक रडत पुढे आले. मग एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारलं, सर हे कुठे लिहिलंय? मी म्हटलं उद्या सांगतो. तो उद्या फार लांबला. शोधत गेलो तर धागा सापडतो तो रब्बी दावीद किम्ही यांच्यापर्यंत, म्हणजे इसवी सन १२०० च्या आसपास, येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी, आणि तेही युरोपात बसून स्तोत्रांवर लिहिताना. येशूच्या काळातला असा एकही लेख नाही, खणकामातही तिथे जळत्या कचऱ्याचा डेपो सापडलेला नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर मी लोकांना रडवलं तिला आधारच नव्हता. आजही पुष्कळ पाळक हे सांगतात, सांगणारे प्रामाणिक असतात, मीही होतो.

मग त्या खोऱ्याला एवढी बदनामी कशाने आली? हे वाचलं तर तुमच्या चार्टचा निकाल आपोआप लागेल असं मला वाटतं. आहाज राजा आणि नंतर मनश्शे राजा, दोघांनी याच खोऱ्यात आपली मुलं अग्नीत होमली. २ इतिहास २८ आणि ३३ वाचा. तोफेत नावाचं ठिकाण होतं तिथे, मोलख नावाच्या दैवतासाठी. नंतर योशीया राजाने ते भ्रष्ट करून टाकलं, कोणी पुन्हा आपल्या मुलाला तिथे अग्नीतून नेऊ नये म्हणून. आणि यिर्मया ७:३१ मध्ये देव त्या खोऱ्याबद्दल बोलतो, की यांनी आपले मुलगे आणि मुली अग्नीत जाळायला ही जागा बांधली, जे मी सांगितलं नव्हतं, आणि जे माझ्या मनातही आलं नव्हतं.

माझ्या मनातही आलं नव्हतं. मुलांना आगीत घालणं.

हे वाक्य मी आधीही शंभरदा वाचलं असेल. पण गेहेन्ना या शब्दाच्या मुळाशी हे वाक्य आहे हे लक्षात यायला मला पन्नाशी उलटावी लागली. त्याच अध्यायात पुढे यिर्मया म्हणतो या जागेला आता कत्तलीचं खोरं म्हणतील, पुरायला जागा उरणार नाही एवढी प्रेतं पडतील, म्हणजे जिथे तुम्ही मुलांना जाळलंत तिथेच तुमचा न्याय होईल. आणि बाबेलने इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये शहर जाळलं. येशूच्या तोंडी गेहेन्ना येतं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात हा सगळा इतिहास वाजत होता. आपल्याकडे कोणी "त्याचं पानिपत झालं" म्हणतं तेव्हा कोणी हरयाणाचा नकाशा काढत नाही ना, पण म्हणून पानिपत खोटं होत नाही. साधारण तसं.

आता तुमचा मूळ प्रश्न, अक्षरशः की प्रतीक. मला ही वाटणीच बरोबर वाटत नाही, कारण प्रतीक म्हटलं की लोकांना वाटतं "म्हणजे काही नाहीच, सुटलो", आणि अक्षरशः म्हटलं की मेणबत्ती पेटते. आगीबद्दल मात्र मी बिनदिक्कत सांगतो की ते चित्र आहे. का? तर मत्तय ५:२९-३० काढा. उजवा डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक, हात अडखळवत असेल तर तोडून टाक, सगळं शरीर गेहेन्नात पडण्यापेक्षा ते बरं. तुमच्या कमिटीत किती जणांना एक डोळा आहे? सगळ्यांना दोन. म्हणजे एकाच वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण अलंकार म्हणून वाचतो आणि दुसरा अर्धा सिमेंट काँक्रीट, हे व्याकरणात बसत नाही. दुसरं, तोच मत्तय एका ठिकाणी आग म्हणतो आणि एका ठिकाणी बाहेरचा अंधार, आणि यहूदाच्या चिमुकल्या पत्रात सातव्या ओवीत अग्नी आहे आणि तेराव्यात काळोख. आग पेटली की अंधार कसा राहील? आणि प्रकटीकरण २०:१४ मध्ये अग्नीच्या सरोवरात मरण आणि अधोलोक टाकले जातात. मरण ही काय वस्तू आहे उचलून टाकायला? ही दृष्टांताची भाषा आहे आणि लिहिणाऱ्याला ती तशीच हवी होती. हे काही आजकालचं लिबरल लोकांचं खूळ नाही हो, जॉन कॅल्विनसारख्या कडक धर्मसुधारकानेही १६व्या शतकात हेच म्हटलं की अग्नी हा शब्द रूपकाने घ्यायचा.

पण चित्र असलं तरी ते कशाचं तरी चित्र आहे. न्याय आहे, आणि देवाला शेवटपर्यंत नाही म्हणता येतं आणि त्या नाहीचा काहीतरी शेवट होतो, हे मी काढून टाकू शकत नाही, मला कितीही आवडलं तरी. ज्याच्या घरादारावर अन्याय झालाय अशा माणसाच्या शेजारी बसून "न्यायबिय काही नसतो, प्रतीक आहे सगळं" असं म्हणून बघा.

मग ते किती काळ? इथे खरा वाद आहे, आणि चर्चच्या इतिहासात सुरुवातीपासून तीन मतं आहेत. मी वर्गात समजावताना येरवड्याचं उदाहरण द्यायचो. एक मत जन्मठेपेचं, शिक्षा कधीच संपत नाही, माणूस ती भोगत राहतो. दुसरं फाशीचं, शिक्षा होते आणि माणूस संपतो, पण निकाल कायमचा, परत येणं नाही. तिसरं सुधारगृहाचं, शिक्षा आहे, कडक आहे, पण शेवटी सगळे घरी येतात.

जन्मठेपवाल्यांची बाजू पोकळ नाही, हे आधी सांगतो कारण आजकाल तिची नुसती टिंगल होते. मत्तय २५:४६ मध्ये एका वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन, दोन्हीकडे तोच ग्रीक शब्द आयोनिओस. चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन पाचव्या शतकात म्हणाला की जीवन जर न संपणारं तर शिक्षाही न संपणारी, एकाच वाक्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे? आणि प्रकटीकरण १४:११ मधला युगानुयुग वर चढणारा धूर, आणि २०:१० मधली युगानुयुगाची पीडा, ही वचनं अडचणीची आहेत, त्यांना बगल देणारा माणूस माझ्या वर्गात पास झाला नसता. बहुसंख्य चर्च शतकानुशतकं याच मताचं आहे.

फाशीवाले म्हणतात, शास्त्रात सगळ्यात जास्त वेळा शब्द येतो तो नाश आणि मरण. पापाचं वेतन मरण. योहान ३:१६ मध्येही नाश होऊ नये असं आहे, जळत राहू नये असं नाही. मत्तय १०:२८ मध्ये देव आत्मा आणि शरीर दोहोंचा गेहेन्नात नाश करू शकतो. आणि किडा मरत नाही, अग्नी विझत नाही ते वचन जिथून आलंय त्या यशया ६६:२४ मध्ये लोक बाहेर जाऊन प्रेतं बघतात. प्रेतं! जिवंत माणसं नाहीत. आग विझत नाही म्हणजे कोणी मध्येच विझवू शकत नाही, तिचं काम पूर्ण होतं. यिर्मया १७ मध्ये यरुशलेमच्या वेशींना न विझणारी आग लावण्याची धमकी आहे, लागली, वेशी जळाल्या, आज तिथे आग नाही, टूरिस्ट आहेत. सार्वकालिकचंही तसंच, इब्री ९:१२ मध्ये सार्वकालिक उद्धार आहे, तो उद्धार रोज चालू नसतो, एकदा झाला, परिणाम कायमचा. फाशीला मिनिटं लागतात पण फाशी ही काही दहा मिनिटांची शिक्षा नव्हे. मजा म्हणजे हा फाशीचा मुद्दा खुद्द ऑगस्टीनने काढलेला आहे, पण त्याने तो स्वतःच्या बाजूने वापरला. १९८८ मध्ये इंग्लंडचे पाळक आणि लेखक जॉन स्टॉट यांनी, ज्यांच्या शब्दाला आपल्याकडच्या इव्हँजेलिकल लोकांत केवढं वजन, हळूच सांगितलं की मी या मताकडे झुकतो, तेव्हा बरीच धूळ उडाली होती.

सुधारगृहवाले संख्येने कमी पण जुने. तिसऱ्या शतकातला ओरिजेन, आणि त्याच्यानंतर निस्साचा ग्रेगरी, जो आजही संत म्हणून मानला जातो. ओरिजेनच्या नावावरच्या शिकवणीला ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या वेळी शाप दिले गेले, ग्रेगरीला कोणी हात लावला नाही. हे लोक म्हणतात शिक्षा या अर्थाचा कोलासिस हा शब्द मुळात सुधारण्यासाठी केलेल्या शिक्षेचा आहे. मला हा मुद्दा कच्चा वाटतो, येशूच्या काळापर्यंत तो शब्द सरसकट शिक्षेसाठी वापरत होते, एका शब्दाच्या मुळावर एवढी मोठी इमारत उभी करू नये. पण १ करिंथ ३:१५ मधलं अग्नीतून वाचलेल्यासारखं तारण, ते त्यांच्या बाजूचं आहेच. रास्ता पेठेत आमचे एक बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, शेजारी होते, अस्सल मराठी, त्यांच्याशी बोलता बोलता मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या मिशनेत, म्हणजे रब्बींच्या शिकवणीच्या जुन्या संग्रहात, गेहेन्नातल्या न्यायाची मुदत बारा महिने दिलीय, रब्बी अकिबाच्या नावाने. म्हणून ज्यू लोकांत पुष्कळ ठिकाणी मेलेल्या बापासाठी कद्दिशची प्रार्थना अकराच महिने म्हणतात, पूर्ण बारा म्हटली तर बाप दुष्ट होता असं होईल ना! मिशना येशूनंतरची आहे, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही, पण गेहेन्ना म्हटलं की प्रत्येक ज्यू माणसाला अनंतकाळ ऐकू यायचा असंही नाही.

माझं मत विचाराल तर फाशीच्या बाजूला झुकलेलं, पण प्रकटीकरण २०:१० मला झोपू देत नाही. मी हे व्यासपीठावरून कधी सांगितलं नाही, आता रिटायर झालोय म्हणून सांगतो. रोमन कॅथलिक बंधूंचं विचाराल तर त्यांच्या शिकवणीत नरक सार्वकालिकच आहे पण त्याची मुख्य शिक्षा म्हणजे देवापासून कायमचा वियोग, आणि १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले होते की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा स्थिती आहे, माणसाने स्वतःहून कायमचं देवापासून तोडून घेतल्याची. तेव्हा पेपरात आलं "पोप म्हणतात नरक नाही". असं ते म्हणालेच नव्हते.

श्रीमंत माणूस आणि लाजर, लूक १६, हे कमिटीतलं कोणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिथे गेहेन्ना नाही, अधोलोक आहे, आणि मरणानंतर लगेचची गोष्ट आहे, शेवटच्या न्यायाची नाही. पलीकडच्या कड्यावरून गप्पा चालल्यात, जिभेवर पाण्याचा एक थेंब मागतोय. हा दाखला आहे आणि त्याचा रोख दारात पडलेल्या गरिबावर आहे. नरकाचा नकाशा म्हणून तो वाचायला लागलो तर दारातला लाजर राहूनच जातो, आणि मी पाहिलंय, राहतोच.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि चार्टवाले कधीच विचारत नाहीत. येशू गेहेन्ना कोणाला म्हणाला? ते अकरा उल्लेख काढा आणि पेन्सिलीने शेजारी लिहा कोणाशी बोलतोय. शिष्यांशी. शिष्यांशी. परुश्यांशी. डोंगरावरच्या प्रवचनात, तेही शिष्यांना जवळ बसवून. भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला गेहेन्ना, म्हणजे आपली वार्षिक सभा! एकदाही परक्या, बाहेरच्या, मूर्तिपूजक माणसाला नाही, जकातदाराला नाही, वेश्येला नाही, आणि मुलाला तर नाहीच. उलट मत्तय १८ मध्ये मुलाला मध्ये उभं करून तो मोठ्यांना म्हणतो की या लहानातल्या एकाला अडखळवलंत तर गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलं गेलेलं बरं, आणि पुढच्या दोनतीन ओव्यांतच गेहेन्ना येतं. बाहेरचा अंधार कोणाला? मत्तय ८ मध्ये रोमी शताधिपतीचा, म्हणजे लष्करी अधिकाऱ्याचा, विश्वास बघून येशू म्हणतो की लांबून लोक येऊन पंगतीला बसतील आणि राज्याचे पुत्र बाहेर. म्हणजे घरचेच. पौलाच्या सगळ्या पत्रांत गेहेन्ना एकदाही नाही. प्रेषितांची कृत्ये अख्खं पुस्तक वाचा, पेत्राचे पौलाचे उपदेश, हजारो लोक विश्वासात आले, एकाही उपदेशात गेहेन्ना नाही. न्यायाबद्दल बोलतात, पुनरुत्थानाबद्दल बोलतात, आणि पश्चात्तापाचं निमंत्रण देतात. मेणबत्ती नाही.

तर अर्ध्या कमिटीला हे सांगा. शास्त्रात आहे ते शिकवायचं, मान्य, मग ज्याला जे सांगितलंय त्याला ते शिकवा. गेहेन्नाचा पाठ पास्टोरेट कमिटीला द्या, पाळकांना द्या, मला द्या. दुसरीच्या मुलीला देऊ नका.

त्या मुलीशी काय बोलायचं ते. चार्टबद्दल खोटं बोलू नका, "ते सगळं खोटं होतं" म्हटलं की उद्या तिला बाकीचंही खोटं वाटेल. तिला सांगा ते एक चित्र होतं, एका माणसाने काढलेलं, आणि त्या काकांनी चुकून लहान मुलांना दाखवलं. आजोबांबद्दल मला माहीत नाही असं सांगा, सरळ, आणि हेही सांगा की आजोबांचा न्याय करणारा त्यांना आपल्यापेक्षा जास्त ओळखतो आणि आपल्यापेक्षा जास्त दयाळू आहे. आजोबांची एखादी चांगली आठवण तिच्याकडूनच काढून घ्या. गॅसचं घाईने करू नका, आईने तिला शेजारी स्टुलावर बसवून चहा ठेवावा, लायटर तिच्या हातातच राहू दे, ती म्हणेल तेव्हा पेटवायचा. माझ्या एका मंडळीत असंच झालेलं, मुलगा होता, तीन आठवडे लागले.

आणि चार्ट उतरवल्यावर तिथे काय लावायचं हेही तुम्ही विचारलंय. हे सांगा मुलांना. १९७९ मध्ये गॅब्रिएल बार्काय नावाचे संशोधक हिन्नोमच्या खोऱ्याच्या वरच्या उतारावर जुन्या कबरी खणत होते. मदतीला शाळेची मुलं होती, त्यातला एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा सारखा मागे मागे करून भंडावून सोडायचा, बार्काय स्वतःच सांगतात हे, तर त्याला गप्प बसवायला एका कोपऱ्यातला कोनाडा साफ करायला बसवला. कंटाळून त्याने हातोडीने तळावर ठोकलं. तळ फुटला आणि खाली लोकांच्या हाताला न लागलेला खजिना निघाला, त्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक सुरळ्या, गळ्यात ताईत घालतात तशा. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर. उलगडायलाच वर्षं गेली. त्यावर खरवडलेली अक्षरं होती, बायबलमधल्या मजकुराचा आज जगात सापडलेला सगळ्यात जुना तुकडा तो, बहुतेक अभ्यासकांच्या मते यिर्मयाच्या काळाच्या आसपासचा, म्हणजे खाली खोऱ्यात जे चाललं होतं त्याच्या फार लांबचा नाही. आणि लिहिलंय काय, तर आपण दर रविवारी उपासना संपताना म्हणतो तेच, गणना ६ मधलं. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं संरक्षण करो, आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो.

चॉकलेटच्या चांदीवर मुलांना बोथट पेन्सिलीने हे लिहायला लावा आणि सुरळी करून दोऱ्यात ओवा, मस्त क्राफ्ट होतं, मी केलंय. स्टेपलर वापरू नका, टोचतो.

त्या ब्रदरचा नंबर मला पाठवा. मेणबत्तीबद्दल मीच बोलतो त्यांच्याशी, तुम्ही बोललात तर कमिटीत भांडण होईल. मी फुरसुंगीवाली माझी गोष्ट सांगून सुरुवात करीन.